उचल, मुकादम आणि 'तस्करी' हा शब्द : यान ब्रेमन वाचताना

रानवाट

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत वडलांच्या ऊसतोडीच्या वह्या आहेत. निळ्या पुठ्ठ्याच्या, शंभर पानी, दर हंगामाची एक. पहिल्या पानावर मुकादमाच्या (तोडणीवाल्यांची टोळी नेणाऱ्याच्या) अक्षरात तारीख, खाली 'उचल', म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, आणि आकडा. त्याखाली वडलांची सही आणि शेजारी आईचा अंगठा. अंगठा अशासाठी की उचल एकट्याला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. पुढच्या पानांवर बाजाराला दिलेले पैसे, दवाखाना, खाडे (कामाचे चुकलेले दिवस). शेवटच्या पानावर पट्टा पडल्यानंतरचा, म्हणजे हंगाम संपल्यावरचा हिशोब आणि 'बाकी'. तीच बाकी पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर चढलेली.

सहावीपर्यंत मीही दर दिवाळीनंतर ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांवर बसून कारखान्याला जायची. पुढे आजीपाशी राहिले म्हणून शाळा टिकली. आता मी समाजशास्त्र शिकवते. कॉलेजच्या ग्रंथालयात यान ब्रेमन पहिल्यांदा हाती आले तेव्हा उभ्या उभ्या चाळीस पानं वाचली, कारण त्यात आमची वही होती.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ, अॅम्स्टरडॅम विद्यापीठातले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दक्षिण गुजरातेत आले आणि तिथल्या शेतमजुरांवर काम करू लागले. पुढची कित्येक दशकं ते पुन्हा पुन्हा त्याच भागात जात राहिले. सुरुवातीचा विषय होता हाळी पद्धत. दुबळा समाजातला (म्हणजे आजचे हळपती) तरुण लग्नासाठी अनाविल ब्राह्मण जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि त्या कर्जापायी आयुष्यभर त्याच्या शेतावर राबायचा. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७४ सालचं. मग त्यांचं लक्ष तिथल्याच बार्डोलीच्या उसाकडे गेलं, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. बार्डोलीच्या सहकारी साखर कारखान्यांचा ऊस तोडायला माणसं येत होती ती खानदेशातून.

१९७८ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी यावर मोठा लेख लिहिला. त्यांना पडलेला प्रश्न फार साधा आहे. बार्डोलीत भूमिहीन हळपती कामाविना बसलेले असताना कारखाना शेकडो मैलांवरून माणसं का आणतो? मजूर कमी पडतात म्हणून, हे उत्तर त्यांनी तपासलं आणि खोडून काढलं. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो. त्याच्या भाऊबंदात भांडण लावता येत नाही, रात्री दोनला त्याला उठवून गाडी भरायला लावता येत नाही. परका माणूस उसाच्या फडाशेजारच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) झोपतो, त्याला परतायला घर जवळ नाही आणि उचल फिटेपर्यंत त्याला जाताही येत नाही. हंगामभर त्याला पंधरवड्याची ज्वारी मिळते, बाकीचा हिशोब शेवटी. त्याच वेळी बार्डोलीकडचे हळपती मुंबईच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर जात होते, तेही अशीच आगाऊ रक्कम घेऊन.

ब्रेमन याला नवी वेठ म्हणतात. जुन्या हाळीत धनी आणि गडी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बांधलेले असत. ते नातं जुलमाचंच होतं, पण उपासमारीच्या दिवसांत धन्याला गड्याकडे पूर्ण पाठ फिरवता येत नसे. नव्या वेठीत बांधणी हंगामापुरती. पट्टा पडला की कारखान्याचा संबंध संपला, पावसाळ्यात तुम्ही काय खाता हे कुणी विचारणार नाही. दोर तेवढा उरतो, तो म्हणजे उचल.

मागच्या महिन्यात आमच्याकडे 'मानवी तस्करी' या विषयावर कार्यशाळा झाली. भिंतीवर फलक होते: अंधारी खोली, हात बांधलेली मुलगी. मी उठून विचारलं, ऊसतोडीत उचलीवर नेलेली माणसं यात बसतात का? उत्तर आलं, "ते स्थलांतर झालं. ते स्वतःहून जातात." खाली बसले, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. माझी आई स्वतःहूनच गेली होती. अंगठाही तिने स्वतःहूनच दिला होता.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांच्या घरात कोयता होता त्यांनी लिहावं.

धानोरे_वकील

ताई, कायद्याच्या बाजूने लिहितो.

मराठीतला सरकारी शब्दच बघा. पोलिसांचा जो विभाग आहे त्याचं नाव 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष'. हे 'अनैतिक' आलं १९५६च्या वेश्याव्यवसायविषयक कायद्यातून. नावातच नीती-अनीती असल्यावर छापा कुठे पडणार हे ठरलेलं आहे. उसाच्या फडात अनैतिक काय दिसणार?

संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार २००० सालचा. भारताने तो २०११ साली मान्य केला. त्यात तस्करीची व्याख्या तीन पायांवर उभी आहे: कृती (भरती, ने-आण, आसरा देणं), मार्ग (बळ, फसवणूक, किंवा समोरच्याच्या अगतिकतेचा फायदा) आणि हेतू, म्हणजे शोषण. या शोषणात सक्तीची मजुरी स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्याकडे दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये जो अध्यादेश निघाला त्यातही सक्तीची मजुरी होती. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मधून तो शब्द गळाला. शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामगिरी, गुलामगिरीसदृश प्रथा, दास्य, अवयव काढणं एवढं राहिलं. आज भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे, त्यात भिकेची भर पडली. सक्तीची मजुरी अजून नाही. 'गुलामगिरीसदृश प्रथा' मध्ये ऊसतोड बसवता येईल, पण तालुक्याच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराला हे पटवून दाखवा.

मला मात्र वाटतं, आपल्याकडे याहून चांगलं हत्यार आधीपासून आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६. त्यात साखळदंड लागत नाही, कुंपण लागत नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल, किंवा दुसरीकडे काम धरायची मोकळीक नसेल, तर ती वेठबिगारी. आणि १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याहीपुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनाच्या खाली काम करवून घेणं हीच घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी. माणूस भुकेपोटी 'हो' म्हणतो, त्या 'हो'ला संमती म्हणायचं नाही. तुमच्या कार्यशाळेतल्या 'स्वतःहून जातात'ला हे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी देऊन झालंय.

प्रभा कोटीस्वरन म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायदा शिकवतात. कोलकात्याची सोनागाची आणि तिरुपती इथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर त्यांचं २०११चं पुस्तक आहे. तस्करीच्या कायद्यांवरही त्यांनी बरंच लिहिलंय. फौजदारी कलमांच्या मागे धावताना आपण आपलेच कामगार कायदे विसरतो, हा त्यांचा मुद्दा मला कोर्टात रोज दिसतो.

आणखी एक अडचण. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ साली झाला आणि २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत चालला. बीडचा माणूस बेळगावला किंवा बार्डोलीला गेला तर तो आंतरराज्य. कोल्हापूरला गेला तर त्याला हा कायदा नव्हता. उचल तीच, कोपी तीच.

गेवराईचा

मी मुकादमाचा मुलगा. इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आबांनी अठरा वर्षं टोळी नेली. पैसा त्यांचा नव्हता. कारखाना वाहतूकदाराला द्यायचा, वाहतूकदार आबांना, आबा बारा-पंधरा कोयत्यांना. कागद मात्र आबांच्या नावावर, बाँडवर सही आबांची, कोरे चेक आबांचे. एका वर्षी पाच कोयते उचल घेऊन ऐन दसऱ्यात दुसऱ्याच टोळीबरोबर कर्नाटकात गेले. वाहतूकदाराची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली, तीन दिवस हलली नाहीत. दीड एकर विकून ते फिटलं. आई अजून त्या रानाच्या बांधाने जात नाही.

आबांनी कुणावर हात टाकला नाही असं मी म्हणणार नाही. टाकला. एका गड्याला बायकोसकट परत आणायला ते रात्री जीप घेऊन गेले होते, मी तेव्हा नववीत होतो आणि जीपमध्ये मागे बसलो होतो. ती बाई काही न बोलता भांडी गोळा करत होती. लेकराला दूध पाजत एका हाताने भांडी भरत होती. ते मला आज पन्नाशीला आलो तरी दिसतं.

पण वकीलसाहेब, उद्या या सगळ्याला तस्करी म्हणून कलम लागलं तर आत कोण जाणार? आबा. जीप आबांनी नेली, वहीत अक्षर आबांचं. कारखान्याच्या कुठल्याच कागदावर तोडणीवाल्याचं नाव नसतं, तो वाहतूकदाराशी करार करून मोकळा होतो. ब्रेमन यांनी मुकादमाबद्दल काय लिहिलंय ते ताईंनी सांगावं.

रानवाट

दादा, लिहिलंत हे बरं केलंत. माझ्या मनात मुकादम म्हणजे वहीवरचं अक्षर एवढाच होता.

ब्रेमन यांचं म्हणणं तुमच्या अनुभवाला धरून आहे. मुकादम बहुतेक त्याच गावचा, बऱ्याचदा त्याच जातीचा, काल स्वतः कोयता चालवलेला. कारखान्याला तो हवा असतो कारण माणसं शोधणं, धरून ठेवणं, दमदाटी करणं, हिशोब करणं ही सगळी कामं त्याच्याकडे सोपवली की मजूर आपला नोकर नाही असं कारखान्याला म्हणता येतं. मजुराला मालकाचं तोंडच दिसत नाही. तस्करीच्या भाषेत सगळा दोष 'दलाल' नावाच्या माणसावर येतो, आणि ज्या कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो साक्षीलाही लागत नाही. म्हणूनच मला त्या शब्दाची भीती वाटायला लागली आहे.

नाक्यावरची

मी नवी मुंबईत नाका कामगारांबरोबर काम करते, बारा वर्षं झाली. या विषयावर अजून एक नाव वाचायला सुचवते: स्वाती शाह. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स विद्यापीठात (अॅमहर्स्ट) शिकवतात. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक २०१४ साली ड्यूक विद्यापीठाने काढलं. त्यांनी मुंबईतल्या तीन जागा घेतल्या: कामाठीपुऱ्यातले कोठे, रस्ता, आणि रोजंदारीचा नाका. नाक्यावरच्या बाया कुठून आलेल्या? दुष्काळी मराठवाड्यातून, भूमिहीन घरांतून, दलित आणि आदिवासी. म्हणजे कोयत्याच्या बाया ज्या गावांतून निघतात तिथल्याच.

शाह यांचं सांगणं असं की देहविक्रयाला बाकीच्या कामापासून तोडून बघितलं की काही कळत नाही. नाक्यावर उभी असलेली बाई आज माती उचलते, उद्या घरकाम बघते, आणि आठ दिवस काहीच मिळालं नाही तर कधी कुणाबरोबर जाते. ती ते बोलत नाही आणि दुसरी विचारत नाही. ती 'तस्करीत सापडलेली' की 'मजूर', अशी तिची वाटणी करता येत नाही.

हे मी डोळ्यांनी बघते. सकाळी साडेसातला नाका भरतो. ठेकेदार आधी गडी निवडतो, 'जोडी आहे का' विचारतो. नऊला गर्दी पांगते, दहाला उरतात त्या एकट्या बाया. साडेदहापर्यंत डबा न उघडता त्या उभ्या असतात, कारण डबा उघडला की आज काम नाही हे कबूल केल्यासारखं होतं. त्यांच्यातली एक मला म्हणाली होती, "ताई, पाण्याचा हंडा वीस रुपयाला आहे. रिकाम्या हाताने गेले तर रात्री पाणी पण नाही." मी तिला तस्करीविरोधी हेल्पलाइनचं पत्रक द्यायला गेले होते. पिशवीतून काढलंच नाही.

आमच्याकडे छापे पडतात, बायांना सुधारगृहात नेतात, महिना दोन महिन्यांनी त्या परत येतात आणि डोक्यावर वकिलाचं कर्ज घेऊन येतात. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सज्ञान आणि स्वेच्छेने हे काम करणाऱ्या बाईला छाप्यात अटक करू नये, त्रास देऊ नये. नाक्यापर्यंत तो आदेश अजून पोचायचाय.

सीमा_भ

सगळं पटतंय, पण एक सांगते आणि कुणी रागावू नका.

आमच्या वाडीतली मुलगी पंधरा वर्षांची असताना शिवणकामाच्या नोकरीचं सांगून नेली आणि विकली. चार वर्षांनी सुटली. सोडवून आणणारे पोलीसच होते आणि एक संस्था होती. तिच्यासाठी तो फलक, ती हेल्पलाइन, तो कायदा खरा होता. ती आज माझ्या शेजारी राहते, आणि 'तस्करी हा शब्दच चुकीचा' असं कुणी म्हटलं की मला तिचं तोंड आठवतं. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही, हेही कायद्यात आहे. हा शब्द टाकून देऊ नका, एवढंच.

धानोरे_वकील

सीमाताई, शब्द टाकायचा नाहीच. तुमच्या शेजारणीचा गुन्हा हा गुन्हाच आहे आणि कलम १४३ त्यासाठीच हवं.

माझं दुखणं वेगळं आहे. मी आठ वर्षांत वेठबिगारीची मुक्ती प्रमाणपत्रं मिळवायला किती खेटे घातले ते मलाच माहीत. प्रमाणपत्र दिलं की आपल्या तालुक्यात वेठबिगारी आहे हे मान्य होतं, म्हणून अधिकारी 'थकीत मजुरीचा वाद' असं लिहून मोकळे होतात. २०१६च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख, स्त्रीला आणि मुलाला २ लाख, अतिगंभीर प्रकारात ३ लाख होते. पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली होती. खटला चालतो सात वर्षं. तोवर तो माणूस पुढच्या दसऱ्याला नवी उचल घेऊन गेलेला असतो. आम्ही साक्षीला बोलवायला गेलो की घराला कुलूप.

नाक्यावरची

सीमाताई, तुमच्या शेजारणीला कुठल्याही वादात ओढणार नाही, शब्द देते. आणि शाह किंवा ब्रेमन यांपैकी कुणीही फसवून विकणं होत नाही असं म्हटलेलं नाही.

गेवराईचा

बाजूला एक विचारतो. पिशवी (गर्भाशय) काढायचं प्रकरण झालं होतं आमच्या जिल्ह्यात, त्याचा आणि उचलीचा संबंध आहे का? टीव्हीवर सगळं डॉक्टरांवरच गेलं.

रानवाट

आहे दादा, आणि थेट आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दवाखान्यांनी पैसे कमावले हे खरंच. पण बाई तयार का झाली? वहीतला 'खाडा' बघा. एक दिवस कामाला नाही म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि वर दंड उचलीत चढला. कोयता जोडीचा असल्यामुळे बाई बसली की नवऱ्याचाही दिवस जातो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, आणि पाळीचे चार दिवस तेच. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला कायमचं मोकळं करतो असं कुणी सांगितलं तर ती हिशोब करते. माझ्या मावशीने बत्तिसाव्या वर्षी केला. ऑपरेशनसाठी पैसे मुकादमाकडूनच घेतले, तेही बाकीत गेले.

हे तस्करीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. कुणी तिला पळवलं नाही, विकलं नाही. ब्रेमन यांची चौकट लावली तर मात्र सगळं एका रेषेत येतं: उचल, जोडी, खाडा, पिशवी, बाकी.

ब्रेमन यांच्याबद्दल माझी एक तक्रारही लिहून ठेवते. त्यांनी कोयत्यातल्या बाईकडे आणि पोराकडे बघितलंय, पण जोडीच्या आत मजुरीची वाटणी कशी होते, तिथे ते मला हवे तेवढे थांबलेले दिसले नाहीत. तिथे स्वाती शाह जास्त उपयोगी पडतील असं आता वाटतंय. नाक्यावरच्या ताई, पुस्तक मागवलंय.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्याचं आमच्या गावात स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. पण दर टनावर आहे आणि तो जोडीला मिळतो. बाईच्या हातात किती, हा प्रश्न कराराच्या टेबलावर आलेला मी तरी ऐकला नाही.

गेवराईचा

आबांच्या वह्या माळ्यावर आहेत. काढून बघतो. कुणाला अभ्यासाला लागल्या तर देईन, फक्त गड्यांची नावं झाकून.

रानवाट

दादा, नक्की काढा. मी पण काल आईला फोन करून आमच्या वह्यांबद्दल विचारलं. तिला धागा वाचून दाखवला, वकीलसाहेबांचं 'भुकेपोटीचा हो' तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "अंगठा मी दिला, पण उचल माझ्या हातात कुणी मोजून दिली नाही. एकदा पण नाही."

फोन ठेवल्यावर पेटी उघडून बघितलं. नऊ हंगामांच्या नऊ वह्या आहेत. नवांत आईचा अंगठा आहे. शेजारी कुठे 'सौ.' लिहिलंय, कुठे 'सोबत बायको'. तिचं नाव एकाही पानावर नाही.